कावेरीचं गंगावन

१९ जानेवारी २०२५, रविवार. लातूर

राजकन्येने सकाळी एक लांबडी वही पुढ्यात टाकली. "मामा, तुमचं अक्षर चांगलंय. सोळा बायकांची यादी करा. कोणाचे केस किती, कोणाला कोणती क्रीम सोसत नाही, कोण किती वाजता कोणत्या खुर्चीवर." यादी पाच पानांत संपली. वही उलटी केली आणि मागच्या पानापासून हे लिहायला घेतलं. चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. पोरं मनातलं लिहायची ते मागच्या पानावरच.

नांदेडला तेवीस फेब्रुवारीला 'मिसेस गोदावरी' नावाची सौंदर्यस्पर्धा आहे, लग्न झालेल्या बायकांची. त्या सोळाजणींचे केस आणि रंगरंगोटी करायचं काम माझ्या सुनेला, राजकन्येला मिळालंय. तीन खुर्च्यांच्या पार्लरला एवढं मोठं बोलावणं पहिलंच. मला मदतीला घेतलं तेही उगीच नाही. देवणीच्या शाळेत दरवर्षीच्या स्नेहसंमेलनाचे चेहरे मीच रंगवायचो. दाढ्या, मिशा, केसांचे टोप, सगळं घरी व्हायचं. कावेरी म्हणायची, "मास्तर शिकवतात कमी अन् रंगवतात जास्त."

कावेरी जाऊन दहा महिने झाले. आज यादीत 'केस कमरेखाली' असं लिहिताना पेन अडलं. तिचे गुडघ्याला लागायचे. दर दिवाळी पाडव्याला मी तिच्या वेणीवर दोन ओळी करायचो. पहिल्या वर्षीच्या या:

गावांमध्ये गाव एक, गाव आमचे देवणी,
वेण्यांमध्ये वेणी एक, कावेरीची वेणी.

शेजारच्या भामाबाई, त्याही मूळच्या देवणीच्या, तेव्हापासून टोमणा मारतात, "मास्तर, देवणीच्या वळूवर कविता केली असती तर पशुप्रदर्शनात बक्षीस तरी मिळालं असतं."

२३ जानेवारी, गुरुवार

मी केलेला खुर्च्यांचा क्रम राजकन्येने हसून बाद केला. मी आडनावांच्या अकारविल्हे लावला होता. "मामा, ही हजेरी नाही. जिचं पहिल्यांदा होईल ती चार तास तशीच बसणार. खोपा ढिला, पावडर उडालेली. म्हणून प्रत्येकीला शेवटची खुर्ची पायजे." दिवसभरात अकरा फोन आले. अकराहीजणी शेवटच्या. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. शाळेतही पहिल्या बाकासाठी अशीच भांडणं व्हायची. शेवटच्या बाकासाठी मात्र इतका जीव कुणी टाकलेला आठवत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस सविस्तर लिहिला पाहिजे.

देगलूरहून पुनम नावाची स्पर्धक केस बघून घ्यायला आली, बरोबर तिच्या सासूबाई तुळजाबाई. डोक्यावरून पदर घट्ट. राजकन्येने पदर मागे सारला आणि किंचाळलीच. डोक्यावर तिळाएवढे खुंट. माझ्या यादीत लिहिलंय: पुनम, देगलूर, केस कमरेखाली, दाट.

"कुठं गेले केस?"

"बालाजीला दिले," तुळजाबाई म्हणाल्या, जशी काही ज्वारी दळायला दिली. "नवस होता माझा. सुनेची निवड होऊ दे, तिचे केस तुला. निवड झाली. मग देवाला थांब म्हनावं का?"

"अहो आत्या, स्पर्धा तरी होऊ द्यायची!"

"स्पर्धेचा नवस कुठं बोलले मी? निवडीचा बोलले. बोलले तेवढं फेडलं."

मला हसू आवरेना, राजकन्येला रडू. पुनम मात्र शांत. म्हणाली, "अक्का, सासूबाई म्हनल्या व्हत्या की बायामानसानं समदं डोकं न काढता नुसत्या तीन कात्र्यांची बट दिली तरी चालतंय. मीच न्हाई म्हनले. नवस माझ्यासाठी बोलल्या, अन् मी देवाला तीन कात्र्यांत वाटंला लावू? केसच हाईत. दिल्यानं वाढत्यात."

राजकन्या तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

मग आयोजक भुजंगरावांना फोन लावला. ते नांदेडचे, बोलणं मोठं गुळगुळीत. "ताई, पारंपरिक फेरीत नऊवारी आन् खोपा, हा नियम हाय. खोपा न्हाई तर फेरी न्हाई. राखीव यादीतल्या बाई वाटच बघून राहिल्या." पुष्कळ गयावया केल्यावर एवढं कबूल झाले की सोळा फेब्रुवारीला नांदेडला तालीम आहे, तिथे खोपा दाखवा, नाहीतर जागा दुसरीला.

जाताना मी पुनमला विचारलं, "पोरी, तुला एवढी हौस कशाची?"

ती म्हणाली, "गुरुजी, शाळेत दरसाली मला झाडच केलं. हात वर करून मागं हुबं ऱ्हायचं, बोलायचं न्हाई. येकदा म्होरं चालायचंय."

मी चष्मा पुसला. चौतीस वर्षांत मी किती पोरींना झाड केलं असेल! देखण्या आणि धीट पोरी पुढे, बाकीच्यांना हिरवा कागद. तेव्हा वाटायचं, झाडांशिवाय वन कसं होईल?

१ फेब्रुवारी, शनिवार

हैदराबादहून तयार टोप आला. बाहुलीच्या केसांसारखा चकचकतो, पिन घातली की सटकते, कपाळावर कड दिसते. खऱ्या केसांचा मागवायचा तर दीड महिना लागेल म्हणतात. भामाबाईंनी आपली भर घातली: "बालाजीचेच केस टोप होऊन बाजारात येत्यात म्हनं. म्हंजी देवाला दिलेलंच परत इकत घ्या! तुळजाबाईला सांगू नका, नवा नवस बोलंल."

राजकन्या आज जेवली नाही. आदिनाथ, माझा मुलगा, तिला म्हणाला, "एक बाई गेली तर पंधरा आहेत ना?" तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

२ फेब्रुवारी, रविवार

वसंतपंचमी. सरस्वतीच्या तसबिरीला फूल वाहताना आठवण झाली आणि कावेरीची लोखंडी पेटी उघडली. तळाशी, खणाच्या कापडात गुंडाळलेलं गंगावन! बायका वेणी भरगच्च दिसावी म्हणून जोडतात तो केसांचा झुपका. दीड हात लांब, मनगटाएवढा जाड. वरचं टोक काळ्या दोऱ्याने बांधलेलं.

कावेरीला गंगावनाची गरज कधीच नव्हती. तेव्हा हे तिचेच केस, मला आठवण म्हणून ठेवलेले. शेवटच्या आजारात सगळे सांगायचे, ती सलाईनची औषधं सुरू झाली की केस जातात. कावेरीचे गेले नाहीत. थंडी वाजते म्हणून डोक्याला घट्ट रुमाल आणि वर पदर घ्यायची, पण पदराखालून वेणी तशीच पाठीवर. मला हात लावू द्यायची नाही, "दुखतं" म्हणायची. त्या पाडव्यालाही मी दोन ओळी वाचून दाखवल्या. ती हसली, नंतर तोंड फिरवून निजली. डॉक्टर काहीही म्हणोत, कवितेचं बळ असतंच.

गंगावन घेऊन राजकन्येकडे गेलो. "याचा टोप करू. जाळीत केस ओवायची विद्या अजून हातात आहे."

ती एकदम उभी राहिली. "मामा, ते नका घेऊ."

"का?"

तिने हातातला कंगवा खाली ठेवला. म्हणाली, "तुम्हाला त्रास होईल. मामींची वस्तू आहे." मग गंगावनावरून एकदा हात फिरवून, "घ्या. घ्याच. पुनमला होऊ द्या."

सासूवर किती जीव या पोरीचा. मी उगीच तिला फटकळ समजत आलो.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम सुरू. पुनमच्या डोक्याचं माप दोऱ्याने घेतलेलं होतं, त्या मापाचं मडकं भामाबाईंनी दिलं. ते पालथं घालून त्यावर मच्छरदाणीची जाळी ताणली. कपाळाकडची कड महत्त्वाची. तिथे दोन-दोन केस क्रोशाच्या सुईने ओवून गाठ मारायची. मागे मात्र केसांच्या झालरी शिवल्या की भागतं, कारण ते खोप्याखाली झाकलं जातं. झालरी भामाबाई शिवतात.

गंगावनाचा दोरा सोडला तेव्हा त्या म्हणाल्या, "किती दाट हाईत गं बाई."

"कावेरीचे," मी म्हणालो.

"कावेरीचे?" भामाबाईंनी सुई थांबवली. "मास्तर, तुमी अजून..."

"भामामावशी," राजकन्या आतून म्हणाली, "दोरा संपला का? दुसरा देते."

दोरा संपलेला नव्हता. तरी भामाबाईंनी घेतला आणि तासभर बोलल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यातला हा उच्चांक असावा.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन दिवस सुई हातात धरली नाही. खरं ते लिहितो. गंगावन निम्मं सुटलं आणि माझा धीर सुटला. माणूस गेलं, आता तिची ही एकच वस्तू, तीही दोन-दोन केस करून मी परक्या बाईच्या डोक्यावर घालतोय. काल सगळं परत गुंडाळून पेटीत ठेवलं. राजकन्येने पाहिलं. नुसता चहा ठेवला.

आज सकाळी पुनमचा फोन. टोपाविषयी विचारलंच नाही. "गुरुजी, घरात चालायचा सराव करून राहिले. म्होरं चालताना हाताचं काय करावं? वर जात्यात सवयीनं."

पेटी उघडली.

आणि एक गोष्ट लक्षात आली. एवढ्या केसांत एकही पांढरा नाही! एकाहत्तराव्या वर्षी! टोकांना किंचित तांबूस झाक, मेंदीची नव्हे, जन्मजात. इतकी वर्षं त्या वेणीकडे बघितलं आणि तांबूस झाक आजच दिसली. कवी म्हणवतो, पण नजर कच्ची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कपाळाची कड पूर्ण. राजकन्या शेजारी बसून शेवटच्या गाठी मारत होती. तिचा हात माझ्याहून चपळ आहे. मी जुना विषय काढला. कावेरीच्या आजारात, ऐन त्या दिवसांत, हिने कमरेपर्यंतचे केस मानेवर कापून टाकले होते. मी चार दिवस बोललो नव्हतो. घरात सासू अंथरुणावर आणि हिला फॅशन सुचते, असंही म्हणालो होतो, तिच्या देखत.

"लागलं असेल तुला," मी म्हणालो.

"पार्लरमधे आखूड बरे पडतात, मामा. त्या वेळी मामी तुमच्यावर रागावल्या होत्या, माहितेय?"

"मला तर काही बोलली नाही."

"मीच नको म्हणाले होते."

मोठ्या मनाची पोरगी. एवढा अपमान गिळून वर माझी बाजू सावरली.

१६ फेब्रुवारी, रविवार. नांदेड

पहाटेची एसटी. लोह्याला चहा. टोपाचं मडकं पूर्ण वाटभर माझ्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, मडक्याचं हाफ तिकीट काढा, त्याला केस हाईत." सगळी बस हसली.

सभागृहात राजकन्येने पुनमला टोप घातला, खोपा बांधला, वर चंद्रकोरीसारखा गजरा. आरशात बघून तुळजाबाई सुनेवरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडत म्हणाल्या, "बालाजीनं वापस पाठवले की गं!"

पण पुनम मंचाच्या चार पायऱ्या चढली, वळली, आणि टोप बोटभर मागे सरकला. खुंट घामेजले होते, दाढ्या-मिशा चिकटवायच्या माझ्या जुन्या डिंकाने धरलंच नाही. राखीव यादीतल्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्या खोकल्या. भुजंगराव म्हणाले, "ताई, तेविसाला शेकडो लोकांसमोर असं झालं तर माझी अब्रू गेली."

राजकन्येचा आवाज चढला. तिला इतक्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "माझ्या पंधरा खोप्यांत एक केस हलला का? त्या दिवशी चारला या. हिचा हलला तर हिला काढा आणि माझं नावही काढा."

भुजंगरावांनी मान हलवली. म्हणजे सगळं आता एका टोपावर आलं.

परतताना आम्ही चौघं एसटी स्टँडवर उभे होतो. तेवढ्यात तुळजाबाईंना पाण्याचा हंडा नेणारी एक बाई दिसली. "मास्तर, डोक्यावर घागर कशी टिकती?"

"तोल सांभाळून."

"शिकवायला तोल. आमाला चुंबळ लागती. फडकं गोल पिळून डोक्यावर ठिवलं की घागर हालत न्हाई. तुमच्या जाळीखाली चुंबळ कुठं हाय?"

मी टोपी काढून त्यांना नमस्कार केला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तुळजाबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा धुऊन मऊ झालेला काठ पाठवला. राजकन्येने त्याची पट्टी पिळून टोपाच्या आतून गोल शिवली. सुती कापड खुंटांना असं धरतं की पुनम आज पार्लरमधे वाकून फरशी पुसून गेली, टोप जागचा हलला नाही. "भुजंगरावांना सांगा," भामाबाई म्हणाल्या, "सौंदर्यवती भांडीबी घासून दाखवंल."

२४ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहायला वेळच नव्हता. आज परत लातुरात, पाय सुजलेत, मन पिसासारखं.

चिठ्ठ्यांत शेवटची खुर्ची राखीव यादीतल्या बाईंच्या मैत्रिणीला आली होती आणि पुनमला पहिली. अकराला खोपा झाला. चारपर्यंत ती भिंतीला पाठ न टेकता बसली. बाकीच्या पंधराजणींत कुठे टिकली उडाली, कुठे खोपा कलला, राजकन्या पिना तोंडात धरून खुर्च्यांमधून फिरत होती. मी यादीत खुणा करत मागे. चार वाजता भुजंगराव आले. पुनमला तीन वेळा पायऱ्या चढायला लावलं. चौथ्यांदा ती स्वतःच चढली आणि गिरकी घेतली. ते म्हणाले, "राहू द्या."

फेरीच्या आधी राजकन्या शेवटचा गजरा माळत होती. आरशाभोवतीच्या दिव्यांत तिचे खांद्यावरचे केस पुनमच्या खोप्याशेजारी आले. दोन्हींना तीच तांबूस झाक. मला गंमत वाटली. तेवढ्यात पुनमने विचारलं, "गुरुजी, कोनाचे हो हे केस? आशीर्वाद घ्यायचाय."

"माझ्या कावेरीचे."

राजकन्येच्या तोंडात पिना होत्या. पुनमने आरशात एकदा आपल्या खोप्याकडे पाहिलं, एकदा राजकन्येकडे. मग खुर्चीवरून उठली आणि वाकली ती राजकन्येच्या पायाशी. मी सवयीने आशीर्वादाचा हात वर केला होता, तो हळूच खाली घेतला. राजकन्येने तिला उठवलं. "वेडी, खोपा मोडेल," एवढंच म्हणाली, पण पिना सांडल्या.

पुनम पुढे चालली. हात वर गेले नाहीत. मी विंगेत उभा होतो, हिरवे कागद लावलेल्या माझ्या सगळ्या पोरी डोळ्यांपुढून गेल्या.

मुकुट परभणीच्या एका बाईंना मिळाला. मग छोटे मान जाहीर झाले: सुंदर हास्य, सुंदर चाल, आणि 'सुंदर केस': पुनम, देगलूर! परीक्षकांना काहीच ठाऊक नव्हतं. भुजंगरावांनी कपाळाला हात लावला. मानाचा पट्टा मिळाल्यावर पुनमने माईक हातात घेतला.

"हे केस माझे न्हाईत. माझे बालाजीकडं हाईत. हा पट्टा ज्यांचा हाय त्यांला देते."

ती सरळ विंगेत आली, राजकन्येला हाताला धरून उजेडात नेलं आणि तो जरीचा पट्टा तिच्या खांद्यावरून घातला. खांद्यापर्यंतच्या केसांवर 'सुंदर केस'! लोक आधी हसले, मग जी टाळी सुरू झाली ती थांबेना. तुळजाबाई खुर्चीवर उभ्या. केस बांधणारीचा एवढा मान मी कुठे पाहिला नव्हता. उतरल्यावर आणखी दोघा आयोजकांनी राजकन्येचा नंबर घेतला.

पुनमने जाताना टोप परत आणला. मी म्हटलं, "तुझे वाढेपर्यंत राहू दे. मग राजकन्येकडे दे. एखादीला आजारात लागेल." हे बोलताना मला वाईट वाटलं नाही, याचंच नवल वाटलं.

आज सकाळी उठलो तर पट्टा कावेरीच्या तसबिरीला घातलेला. राजकन्या समोर उभी राहून तसबिरीशी काहीतरी हळू बोलत होती. मी खाकरलो. तांबूस झाकेची गंमत सांगितली: सासू-सुनेचे केस एका रंगाचे कसे? रक्ताचं नातं नाही. मग आपणच उत्तर दिलं, "देवणीच्या विहिरीचं पाणी. तुम्ही दोघींनी तेच वापरलं, म्हणून असेल."

"तसंच असेल, मामा."

"आता तूही वाढव केस. फार सुंदर होते तुझे." हे मी तिला आजवर एकदाही म्हटलं नव्हतं.

तिने डोळ्यांना पदर लावला, आणि हसली. "वाढवते की. केसच ते. दिल्याने वाढतात."

पुनमचं ते वाक्य तिला भलतंच आवडलेलं दिसतं.